घटक ६ : रेडिओ लहरींची वाटणी आणि रेडिओ खगोलशास्त्र

६.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला :

● रेडिओ लहरी, वारंवारता व पट्टा या संकल्पना मराठीत अचूकपणे स्पष्ट करता येतील.
● बिनतारी संदेशवहन आणि रेडिओ खगोलशास्त्र यांच्या गरजा परस्परविरोधी का ठरतात, हे सांगता येईल.
● लहरींच्या वाटणीच्या प्रमुख रीती आणि त्यांच्या मर्यादा विशद करता येतील.
● वैज्ञानिक विषयावरील लेखनात शब्दाच्या निवडीमुळे विचाराची दिशा कशी बदलते, हे उदाहरणांनी दाखवता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, मागील घटकात आपण शास्त्रीय लेखनाची सर्वसाधारण वैशिष्ट्ये पाहिली. वस्तुनिष्ठता, नेमकेपणा, परिभाषेचा सुसंगत वापर आणि कार्यकारणभावाची स्पष्ट मांडणी ही ती वैशिष्ट्ये होत. या घटकात एक प्रत्यक्ष विषय घेऊन आपण ती तपासून पाहणार आहोत.

विषय निवडताना तो महाराष्ट्राच्या भूमीशी निगडित असावा आणि त्याचा आपल्या रोजच्या व्यवहाराशी संबंध असावा, अशा दोन गोष्टी विचारात घेतल्या. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, अर्थात जीएमआरटी, ही जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. तुमच्या खिशात किंवा पिशवीत मोबाइल आहे. या दोहोंना ज्या माध्यमातून काम करावे लागते ते माध्यम एकच आहे. ते दोघांनी कसे वापरावे, हा या घटकातील मुख्य प्रश्न आहे.

हा प्रश्न तांत्रिक आहे, तसाच तो सामाजिकही आहे. त्याहून पुढे जाऊन पाहिले, तर त्याला भाषेचीही एक बाजू आहे. मराठीच्या अभ्यासकाने या तिसऱ्या बाजूकडे विशेष लक्ष द्यावे, अशी अपेक्षा आहे.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ रेडिओ लहर म्हणजे काय?

प्रकाश, उष्णतेचे प्रारण, क्ष-किरण आणि रेडिओ लहरी या सर्व विद्युतचुंबकीय लहरीच आहेत. निर्वात पोकळीत त्यांचा वेग सारखाच, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असतो. त्यांच्यात फरक असतो तो तरंगलांबीचा आणि वारंवारतेचा. एका सेकंदात लहरीची जितकी आवर्तने होतात, तितकी तिची वारंवारता. ती हर्ट्झ या एककात मोजतात. दहा लाख हर्ट्झ म्हणजे एक मेगाहर्ट्झ. वारंवारता वाढते तशी तरंगलांबी कमी होते. १५० मेगाहर्ट्झची लहर सुमारे दोन मीटर लांबीची असते, तर १४२० मेगाहर्ट्झची लहर सुमारे २१ सेंटिमीटरची.

या ठिकाणी एका रूढ चुकीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. दूरसंचार कंपन्यांना होणाऱ्या वाटपाच्या बातम्यांमध्ये 'ध्वनिलहरींचा लिलाव' असा शब्दप्रयोग अनेकदा आढळतो. ध्वनीला प्रवासासाठी हवा, पाणी किंवा अन्य पदार्थ लागतो. रेडिओ लहरीला तो लागत नाही. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर इतकाच असतो. तेव्हा सरकार लिलाव करते तो ध्वनिलहरींचा नव्हे, तर रेडिओ लहरींच्या ठरावीक पट्ट्यांच्या वापराच्या अधिकाराचा. आकाशवाणीच्या संचातून आवाज ऐकू येतो, म्हणून वाहून आणणारी लहरही ध्वनीचीच असावी, असा समज या शब्दामागे असावा. बैलगाडीतून धान्य आले म्हणून बैलगाडीला धान्य म्हणत नाहीत. येथेही तोच विवेक बाळगावा.

दुसरा शब्द 'स्पेक्ट्रम'. भौतिकशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्यास 'वर्णपट' म्हणतात. प्रकाशाच्या संदर्भात तो शब्द समर्पक आहे, कारण तेथे वर्ण दिसतात. रेडिओ लहरींना रंग नाही. म्हणून या घटकात 'वारंवारता-पट' असा शब्द योजला असून त्याच्या लहान भागास 'पट्टा' म्हटले आहे. जमिनीच्या पट्ट्याशी असलेले या शब्दाचे नाते पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

६.२.२ व्यत्ययाच्या शोधातून जन्मलेले शास्त्र

रेडिओ खगोलशास्त्र संदेशवहनाच्याच घरात जन्मले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्ल यान्स्की हे तरुण अभियंते होते. अटलांटिकपार रेडिओ-दूरध्वनीत जी खरखर येते ती कोठून येते, हे शोधण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले होते. न्यू जर्सीतील होल्मडेल येथे त्यांनी २०.५ मेगाहर्ट्झवर काम करणारा एक फिरता अँटेना उभारला. जवळच्या आणि दूरच्या वादळांमुळे होणारी खरखर त्यांनी वेगळी केली. त्यानंतरही एक मंद, सातत्याची खरखर उरली. ती रोज सुमारे चार मिनिटे लवकर कमाल पातळीला पोहोचत होती. सूर्य चोवीस तासांनी परत त्याच जागी येतो. तारे मात्र २३ तास ५६ मिनिटांनी येतात. यावरून ही खरखर सूर्याची नाही व पृथ्वीवरचीही नाही, तर आकाशगंगेच्या दिशेने येत आहे, असा निष्कर्ष त्यांनी १९३३ मध्ये जाहीर केला.

म्हणजे संदेशवहनाच्या दृष्टीने जो अडथळा होता, तोच खगोलशास्त्राच्या दृष्टीने संदेश ठरला. पुढे भूमिका उलटल्या. आज खगोलशास्त्रज्ञाच्या दृष्टीने मानवी संदेशवहन हाच अडथळा झाला आहे.

येथे मराठीने केलेला एक सूक्ष्म भेद पाहा. दोन लहरी एकमेकींत मिसळून त्यांची बेरीज-वजाबाकी होते, त्या भौतिक घटनेला मराठी परिभाषेत 'व्यतिकरण' म्हणतात. नको असलेल्या संकेताने कामात येणाऱ्या अडथळ्याला 'व्यत्यय' म्हणतात. इंग्रजीत दोहोंसाठी एकच शब्द चालतो. खोडदची दुर्बीण अनेक अँटेनांकडील लहरींच्या व्यतिकरणावरच चालते आणि व्यत्ययामुळे तिचे काम बिघडते. हे वाक्य मराठीत संदिग्धतेशिवाय लिहिता येते, हा आपल्या परिभाषेचा लाभ आहे.

६.२.३ बोलणारे आणि ऐकणारे

वारंवारता-पटाचे बहुतेक वापरकर्ते लहरी पाठवतात आणि स्वीकारतात. मोबाइल, दूरचित्रवाणी, विमानांचे मार्गदर्शन, पोलिसांची बिनतारी यंत्रणा, रडार, उपग्रह ही सारी या वर्गातील उदाहरणे होत. रेडिओ खगोलशास्त्र काहीही पाठवत नाही. ते केवळ ऐकते. 'ऐकते' हा येथे लाक्षणिक प्रयोग आहे, कारण दुर्बिणीला आवाज ऐकू येत नाही, ती लहरींची ऊर्जा नोंदवते. मात्र या लक्षणेमुळे दोन वर्गांतील भेद नेमका व्यक्त होतो.

बोलणाऱ्यास अडचण आली तर त्याच्यापुढे तीन मार्ग असतात. तो आवाज चढवू शकतो, म्हणजे प्रक्षेपणाची शक्ती वाढवू शकतो. तो जागा बदलू शकतो, म्हणजे दुसऱ्या वारंवारतेवर जाऊ शकतो. अथवा तो तीच गोष्ट पुन्हा सांगू शकतो. ऐकणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाला यांपैकी एकही मार्ग उपलब्ध नाही. ताऱ्याला मोठ्याने बोलण्याची विनंती करता येत नाही. हायड्रोजनच्या अणूची वारंवारता निसर्गाने १४२०.४ मेगाहर्ट्झ ठरवून दिलेली आहे. ती कोणत्याही परिषदेत ठराव करून बदलता येत नाही. एखाद्या ताऱ्याचा क्षणिक स्फोट तर पुन्हा घडेलच असे नाही.

शिवाय हे संकेत कमालीचे क्षीण असतात. त्यांच्या मोजमापाचे एकक यान्स्कींच्याच नावाने ओळखले जाते. एका वॅटला १ वर २६ शून्ये असलेल्या संख्येने भागावे. तितकी शक्ती एक चौरस मीटर क्षेत्रावर, एक हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात पडली, तर ती होते एक यान्स्की. खोडदची दुर्बीण यान्स्कीच्या हजाराव्या भागाहूनही क्षीण स्रोतांचा अभ्यास करते. तुलनेसाठी एक हिशेब करू. एक वॅट शक्तीचा, दोन लाख हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात प्रक्षेपण करणारा मोबाइल चंद्रावर ठेवला, तर पृथ्वीवर त्याची तीव्रता सुमारे २७० यान्स्की भरेल. आकाशातील बहुसंख्य रेडिओ स्रोतांपेक्षा तो अधिक तेजस्वी ठरेल. मग तोच मोबाइल दुर्बिणीपासून दोन-चार किलोमीटरवर असेल तर काय होईल, याची कल्पना करता येते.

व्यत्यय दरवेळी दुसऱ्याकडूनच येतो असेही नाही. ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील ६४ मीटर व्यासाच्या दुर्बिणीला १९९८ पासून अधूनमधून काही गूढ स्पंद मिळत होते. त्यांचा उगम पृथ्वीवर असावा असा संशय होता, पण कारण सापडत नव्हते. २०१५ मध्ये ते सापडले. वेधशाळेतील मायक्रोवेव्ह ओव्हनचे दार, तो चालू असतानाच उघडले, की हे स्पंद निर्माण होत असत. जेवण गरम करणाऱ्याच्या उतावळेपणाचा तो परिणाम होता.

६.२.४ वाटणीच्या रीती

वारंवारता-पट सामायिक आहे. गावच्या गायरानाप्रमाणे तो कोणा एकाच्या मालकीचा नाही. पण एका बाबतीत तो गायरानाहून वेगळा आहे. गायरानातील गवत संपते, लहरींचा पट वापरल्याने झिजत नाही. वापर थांबताच तो पूर्ववत होतो. म्हणून येथे प्रश्न साठा पुरवून वापरण्याचा नसून एकमेकांच्या पायात न येण्याचा आहे. त्यासाठी चार रीती प्रचलित आहेत. आपल्या शेतीव्यवहारातील शब्दांनी त्या समजून घेऊ.

(अ) वाटणी : प्रत्येक सेवेला स्वतंत्र पट्टा नेमून देणे. आंतरराष्ट्रीय पातळीवर हे काम आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ करतो. १८६५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या जागतिक रेडिओ परिषदा साधारणतः तीन-चार वर्षांनी भरतात. भारतात दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा राष्ट्रीय वारंवारता वाटप आराखड्यानुसार परवाने देते. १९५९ च्या जिनिव्हा परिषदेत रेडिओ खगोलशास्त्राला प्रथम अधिकृत मान्यता मिळाली. हायड्रोजनसाठी राखलेल्या १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात आज सर्व प्रक्षेपणास मनाई आहे. भारतात १५०.०५ ते १५३, ३२२ ते ३२८.६ आणि ६०८ ते ६१४ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांतही रेडिओ खगोलशास्त्राला स्थान दिलेले आहे.

(आ) बांध : दोन शेतांमध्ये बांध असतो, तसा दोन पट्ट्यांमध्ये मोकळा संरक्षक पट्टा सोडतात. कारण कोणतेही प्रक्षेपण आपल्या पट्ट्याच्या कडेवर काटेकोरपणे थांबत नाही. पाटाचे पाणी बांधातून शेजाऱ्याच्या वावरात झिरपते, तशी काही ऊर्जा शेजारच्या पट्ट्यात झिरपते. १९९७ पासून अवकाशात सोडलेल्या इरिडियम उपग्रहांच्या बाबतीत हेच घडले. त्यांचा पट्टा १६१६ ते १६२६.५ मेगाहर्ट्झ होता. झिरपा मात्र १६१०.६ ते १६१३.८ मेगाहर्ट्झ या खगोलशास्त्राच्या पट्ट्यात होत होता.

(इ) देवराई : देवराईत कुऱ्हाड चालवायची नाही, हा आपल्याकडील संकेत आहे. त्याच धर्तीवर काही भूभाग रेडिओ-शांत म्हणून राखले जातात. अमेरिकेने १९५८ मध्ये ग्रीन बँक वेधशाळेच्या परिसरात सुमारे ३४,००० चौरस किलोमीटरचा राष्ट्रीय रेडिओ-शांत प्रदेश घोषित केला. दक्षिण आफ्रिकेने २००७ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला.

(ई) पाळी : पाटपाण्याप्रमाणे एकच पट्टा वेगवेगळ्या वेळी वापरणे. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहांना देवराईची सीमा कळत नाही. ते सर्वांच्याच डोक्यावरून जातात. तेथे पाळीचा उपाय उपयोगी पडतो. स्टारलिंक उपग्रह आणि अमेरिकेतील राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळा यांनी अशी पद्धत प्रयोगात आणली आहे. दुर्बीण कोठे रोखली आहे याची माहिती उपग्रहांना मिळते आणि उपग्रह त्या रेषेत येताना आपला झोत क्षणभर दुसरीकडे वळवतो. मात्र या उपायालाही मर्यादा आहे. २०२३ मध्ये युरोपातील लोफार दुर्बिणीने दाखवून दिले, की या उपग्रहांच्या अंतर्गत यंत्रणेतून ११० ते १८८ मेगाहर्ट्झ या दरम्यान अनवधानाने लहरी बाहेर पडतात. त्यांचे संदेशवहन या वारंवारतांवर होतच नाही. जे बोलणे कोणी हेतूने करतच नाही, ते पाळी लावून थांबवता येत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न - १

(१) 'ध्वनिलहरींचा लिलाव' हा शब्दप्रयोग शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा का आहे?
(२) यान्स्की यांनी खरखरीचा उगम आकाशगंगेत असल्याचे कशावरून ठरवले?
(३) योग्य पर्याय निवडा : दोन पट्ट्यांमधील संरक्षक पट्टा म्हणजे - (क) पाळी (ख) बांध (ग) देवराई

६.२.५ खोडदची दुर्बीण आणि दूरचा हायड्रोजन

प्रा. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ही दुर्बीण उभारली. तिचे ३० अँटेना असून प्रत्येकाचा व्यास ४५ मीटर आहे. त्यांपैकी १४ अँटेना मध्यवर्ती सुमारे एक चौरस किलोमीटरच्या परिसरात आहेत आणि उरलेले १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या तीन भुजांवर दूरवर पसरलेले आहेत. सर्वांत दूरच्या दोन अँटेनांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. पत्र्याऐवजी तारांची जाळी दोरखंडांवर ताणून केलेली त्यांची रचना वजनाला हलकी व खर्चाला परवडणारी ठरली. जागा निवडताना रेडिओ गोंगाट कमी असणे, हा एक महत्त्वाचा निकष होता.

ही दुर्बीण मुख्यतः १५०० मेगाहर्ट्झखालील वारंवारतांवर काम करते. आता राखीव पट्ट्यांची पुरेशी सोय आहे, तर अडचण कोठे आहे, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तिचे उत्तर विश्वाच्या प्रसरणात आहे.

दीर्घिका आपल्यापासून दूर जात असल्याने त्यांच्याकडून येणाऱ्या लहरी ताणल्या जातात आणि वारंवारता घटते. यास 'ताम्रसृती' म्हणतात. दीर्घिका जितकी दूर, तितकी तिच्या हायड्रोजनची वारंवारता कमी. ताम्रसृती १ असेल तर १४२०.४ मेगाहर्ट्झची लहर ७१०.२ मेगाहर्ट्झवर येऊन पोहोचते. ती लहर निघाली तेव्हा पृथ्वी अस्तित्वातही नव्हती. भारतात ७०३ ते ७४८ मेगाहर्ट्झ हा पट्टा मोबाइल संचाने मनोऱ्याकडे संकेत पाठवण्यासाठी नेमलेला आहे आणि ७०० मेगाहर्ट्झ गटाची विक्री २०२२ च्या लिलावात झाली. या गटाच्या लहरी दूरवर पोहोचतात व भिंतींतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. म्हणून ग्रामीण भागातील सेवेसाठी त्या मोलाच्या मानल्या जातात.

म्हणजेच राखीव पट्ट्याने जवळचा हायड्रोजन सुरक्षित केला. दूरचा, म्हणजे विश्वाच्या तरुणपणाचा हायड्रोजन मात्र त्या कुंपणाबाहेर आहे. २०२३ मध्ये खोडदच्या दुर्बिणीच्या साहाय्याने ताम्रसृती १.२९ असलेल्या एका दीर्घिकेतील हायड्रोजनचा संकेत मिळाल्याचे जाहीर झाले. मधल्या दुसऱ्या दीर्घिकेने गुरुत्वीय भिंगासारखे काम केल्याने तो क्षीण संकेत वर्धित झाला होता. त्याची वारंवारता सुमारे ६२० मेगाहर्ट्झ होती. ६०८ ते ६१४ या पट्ट्याच्या ती किंचित बाहेर आहे. राखीव पट्ट्यांपुरतेच वेध घेतले असते, तर हा शोध लागला नसता.

या कारणाने वेधशाळा स्वतःच्या बाजूने बरेच काही करते. विशिष्ट पट्टे गाळून टाकणारे फिल्टर बसवणे, व्यत्ययाचे स्पंद ओळखून ते त्या क्षणीच वगळणारी संगणकीय यंत्रणा वापरणे, स्वतःची उपकरणे धातूच्या आवरणात बंदिस्त ठेवणे हे त्यांतील काही उपाय. परंतु वगळलेला भाग म्हणजे गमावलेला वेध असतो. गोंगाटाखाली दडलेला संकेत गाळून परत मिळवता येत नाही.

६.२.६ परिसरातील माणसे

दुर्बीण ओसाड प्रदेशात नाही. तिच्या भुजांवरील अँटेना शेतांच्या शेजारी उभे आहेत. आजूबाजूला टोमॅटोची, उसाची शेते आहेत, बाजारपेठेचे नारायणगाव आहे, तमाशाच्या फडांची वर्दळ आहे. या परिसरातील शेतकऱ्याला बाजारभाव, हवामान, बँकेचे व्यवहार आणि मुलांचे शिक्षण यांसाठी मोबाइल हवा आहे. ही मागणी चैनीची नाही.

वीज वाहून नेणाऱ्या तारांवरील सैल जोडांतून उडणारी ठिणगीदेखील रेडिओ लहरी फेकते. विजेवर धावणाऱ्या रेल्वेच्या बाबतीत तारेला घासत जाणाऱ्या सांगाड्याशी अशा ठिणग्या उडतात. पुणे-नाशिक निमद्रुतगती रेल्वेच्या मूळ आखणीला याच कारणाने हरकत आली. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव या मार्गाने जाणारी रेल्वे दुर्बिणीच्या परिसरातून जाणार होती. मार्ग बदलण्याची भूमिका रेल्वे मंत्रालयाने घेतल्यावर परिसरातील नागरिकांनी व लोकप्रतिनिधींनी मूळ मार्गाचा आग्रह धरला. अनेक वर्षे रेल्वेची वाट पाहणाऱ्या माणसाला आकाशातील न दिसणाऱ्या लहरींसाठी ती दूर गेली असे वाटले, तर त्याचा राग समजण्यासारखा आहे. दुसरीकडे, ही दुर्बीण उचलून अन्यत्र नेता येत नाही आणि तिने ऐकलेले जगातील अनेक देशांच्या संशोधकांना उपयोगी पडते.

या वादात एका बाजूला अडाणी आणि दुसऱ्या बाजूला आडमुठे ठरवणे सोपे आहे. अभ्यासकाने ते टाळावे. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. अशा वेळी निर्णय कोणताही होवो, तो ज्यांच्यावर लादला जाणार त्यांना त्याचे कारण त्यांच्या भाषेत कळणे हा त्यांचा अधिकार आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडद येथे भरणाऱ्या प्रदर्शनाला परिसरातील विद्यार्थी मोठ्या संख्येने येतात. तेथे मराठीतून होणाऱ्या संवादाचे मोल या दृष्टीने मोठे आहे.

६.२.७ 'रिकामा' या शब्दाविषयी

आता भाषेच्या बाजूकडे वळू. वाटपाच्या चर्चेत 'रिकामा पट्टा', 'वापरात नसलेला पट्टा' असे शब्द येतात. एखाद्या पट्ट्यात मोजणी केली आणि कोणतेही प्रक्षेपण आढळले नाही, तर तो रिकामा मानला जातो. सर्वसाधारण वापरकर्त्यांच्या बाबतीत हे योग्यच आहे. परंतु ऐकणाऱ्याच्या बाबतीत हाच निकष उलटा पडतो. रेडिओ खगोलशास्त्राचा पट्टा उत्तम प्रकारे वापरात असतो, तेव्हाच तो सर्वांत रिकामा दिसतो.

महसुली नोंदींचा अनुभव येथे आठवावा. माळरानावर पीक दिसत नाही म्हणून ते 'पडीक' नोंदले जाते. धनगराच्या मेंढ्या तेथे पिढ्यान्पिढ्या चरतात, ही गोष्ट त्या शब्दात येत नाही. 'पडीक' हे वर्णन वाटते, पण त्यात निर्णय दडलेला असतो. कारण पडीक जमीन दुसऱ्या कामाला देण्यास कोणाची हरकत नसते.

मराठीत 'रिकामा' आणि 'राखलेला' या दोन शब्दांत मोठे अंतर आहे. रानात कोणी नाही म्हणून ते रिकामे. पण गवत वाढावे म्हणून गुरे न सोडलेले कुरण हे राखलेले. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. फरक असतो तो राखणाऱ्याच्या हेतूत. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा रिकामा नाही, तो राखलेला आहे. वापर म्हणजे काहीतरी करणे, असे आपण गृहीत धरतो. लक्षपूर्वक ऐकणे हाही वापर आहे, हे एकदा मान्य केले की वाटणीच्या चर्चेत ऐकणाऱ्यालाही जागा मिळते. शांतता हा त्या चर्चेतील उरलेला भाग राहत नाही, तो एक मागितलेला हिस्सा होतो.

अर्थात शब्द बदलल्याने प्रश्न सुटत नाही. राखलेल्या कुरणावरही दुष्काळात हक्क सांगितला जातो व कधी तो रास्त असतो. मात्र 'रिकामे आहे, घ्या' आणि 'राखलेले आहे, पण आम्हाला गरज आहे' या दोन वाक्यांतील दुसरे वाक्य बोलणाऱ्याला कारण द्यावे लागते. कारण द्यावे लागणे, हीच न्याय्य वाटणीची सुरुवात असते.

स्वयं-अध्ययन प्रश्न - २

(१) ताम्रसृती १ असता हायड्रोजनची लहर कोणत्या वारंवारतेवर मिळते?
(२) राखीव पट्टे असूनही खोडदच्या दुर्बिणीची अडचण का सुटत नाही?
(३) 'रिकामा' व 'राखलेला' या शब्दांतील अर्थभेद एका वाक्यात सांगा.

६.३ सारांश

रेडिओ लहरी विद्युतचुंबकीय असून त्यांचा वारंवारता-पट सर्वांना सामायिक आहे. संदेशवहन या पटात बोलते, तर रेडिओ खगोलशास्त्र केवळ ऐकते. ऐकणाऱ्याला आवाज चढवता येत नाही, वारंवारता बदलता येत नाही किंवा संदेश पुन्हा मागवता येत नाही. त्यामुळे वाटणी, बांध, देवराई आणि पाळी या रीतींनी त्याला संरक्षण दिले जाते. विश्वाच्या प्रसरणामुळे दूरच्या हायड्रोजनच्या लहरी राखीव पट्ट्यांबाहेर येतात आणि मोबाइलच्या पट्ट्यांशी त्यांची गाठ पडते. खोडदच्या परिसरातील लोकांच्या गरजा व दुर्बिणीची गरज दोन्ही खऱ्या आहेत. ऐकणे हाही वापर आहे, ही जाणीव शब्दांच्या योग्य निवडीतून निर्माण होते आणि ती न्याय्य निर्णयाची पूर्वअट आहे.

६.४ पारिभाषिक शब्द

वारंवारता : एका सेकंदात होणाऱ्या आवर्तनांची संख्या.
तरंगलांबी : लहरीच्या लगतच्या दोन शिखरांमधील अंतर.
व्यतिकरण : दोन वा अधिक लहरी एकत्र येऊन होणारा परिणाम.
व्यत्यय : नको असलेल्या संकेतामुळे येणारा अडथळा.
दीर्घिका : अब्जावधी ताऱ्यांचा, गुरुत्वाकर्षणाने बांधलेला समूह.
ताम्रसृती : प्रसरणामुळे लहरींची तरंगलांबी वाढणे, अशा वाढीचे माप.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) लिलाव रेडिओ लहरींच्या पट्ट्यांच्या वापराधिकाराचा असतो; त्या लहरी विद्युतचुंबकीय असून ध्वनीप्रमाणे त्यांना माध्यम लागत नाही. (२) खरखर २३ तास ५६ मिनिटांनी, म्हणजे ताऱ्यांच्या गतीनुसार परत येत होती आणि तिची दिशा आकाशगंगेची होती. (३) ख.

प्रश्न २ : (१) ७१०.२ मेगाहर्ट्झ. (२) दूरच्या दीर्घिकांच्या लहरींची वारंवारता घटून ती राखीव पट्ट्यांबाहेर येते. (३) जेथे कोणाचा वापर नाही ते रिकामे. जेथे हेतुपूर्वक काही होऊ दिले जात नाही ते राखलेले.

६.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) 'बोलणारे आणि ऐकणारे' या भेदाच्या आधारे लहरींच्या वाटणीचा प्रश्न सुमारे ३०० शब्दांत स्पष्ट करा.
(२) बांध, पाळी, देवराई आणि गायरान या उपमांपैकी कोणतीही एक घ्या. ती कोठपर्यंत लागू पडते व कोठे अपुरी पडते, ते लिहा.
(३) पुणे-नाशिक रेल्वेच्या मार्गाविषयी दोन पत्रे लिहा : एक नारायणगाव परिसरातील नागरिकाचे, दुसरे खगोलशास्त्रज्ञाचे. दोन्ही पत्रांत समोरच्याची गरज मान्य केलेली असावी.

६.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील किंवा प्रभागातील अशी एक जागा शोधा, जी कागदोपत्री 'पडीक', 'मोकळी' वा 'रिकामी' म्हणून ओळखली जाते. तिचा वापर कोण, केव्हा व कशासाठी करते याची माहिती तेथील वडीलधाऱ्या माणसांशी बोलून मिळवा. त्या जागेसाठी स्थानिक बोलीत कोणता शब्द आहे तो नोंदवा आणि कागदावरील शब्दाशी त्याची तुलना करणारे दोन पानांचे टिपण तयार करा. हे टिपण पुढील संपर्कसत्रात सोबत आणावे.